‘टु’ कीं ‘इंग’?

इंग्रजींत एक लहानसें वाक्य आहे : ‘आय स्टॉप्ड टेकिंग द मेडिसिन.’ त्याचा अर्थ, ‘मीं औषध घेणें थांबविलें.’ आतां या वाक्यांतील एकच शब्द थोडा फिरवून कोणीं ‘आय स्टॉप्ड टु टेक द मेडिसिन’ असें लिहिलें, तर अर्थ होतो, ‘मी औषध घेण्यासाठीं थांबलों.’ पहिला मनुष्य औषध सोडून बसला आहे. दुसरा हातांतील काम बाजूस ठेवून औषध घेत आहे. परगांवच्या डॉक्टरास पत्रानें प्रकृति कळविणाऱ्या रोग्याच्या हातून येथें गल्लत झाली, तर डॉक्टरानें काय समजावें आणि कोणता उपाय सांगावा? दोन्ही वाक्यें व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. म्हणूनच चूक कोणाच्या लक्षांत येत नाहीं. अशुद्ध वाक्य वाचणाऱ्यास निदान थबकावयास तरी लावतें; शुद्ध परंतु भलतेंच वाक्य त्याला खुशाल भलत्या वाटेला घेऊन जातें.

इंग्रजी क्रियापदाच्या मागून दुसरें क्रियापद आलें, म्हणजे तें ‘टु’ घेऊन यावें कीं शेपटीस ‘इंग’ लावून यावें, हा प्रश्न मराठी विद्यार्थ्यास जितका सतावितो तितका दुसरा क्वचितच सतावीत असेल. पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं बेलापूर गांव आहे. तेथील मुलगा घ्या, कीं मुंबई-पुण्याचा घ्या, अडचण तीच. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. त्यामुळें शब्दांचा सांठा लवकर वाढतो खरा. पण ‘वॉन्ट’च्या पुढें ‘टु गो’ आणि ‘एन्जॉय’च्या पुढें मात्र ‘गोइंग’ असें कां, याचें उत्तर बहुधा ‘यादी पाठ करा’ असेंच मिळतें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांची रीत निराळी होती. मराठी वाक्य घ्यावयाचें, त्याचा आशय तपासावयाचा आणि मग इंग्रजी वाक्य बांधावयाचें. त्या रीतींतील एक गोष्ट आजहि उपयोगी पडण्यासारखी आहे. ती ही कीं, या कोड्याची निम्मी किल्ली विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेंतच आहे.

प्रथम या दोन रूपांचें कुळ पाहूं. ‘टु’ हें मुळांत शब्दयोगी अव्यय. अर्थ ‘कडे’ किंवा ‘ला’. ‘टु राम’ म्हणजे ‘रामाला’. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजींत धातूला नामाचा प्रत्यय लावून त्याची चतुर्थीसारखी विभक्ति करीत, आणि तिच्या आधीं हें ‘टु’ येई. म्हणजे ‘टु गो’ याचा मूळ भाव ‘जाण्याकडे’, ‘जाण्याला’ असा. आतां मराठीकडे पाहावें. ‘जायला’, ‘करायला’, ‘खायला’ या रूपांच्या शेवटीं जो ‘ला’ आहे, तोहि चतुर्थीचाच. दोन भाषा एकमेकींपासून हजारों कोस दूर वाढल्या, तरी जें काम पुढें करावयाचें आहे त्याकडे बोट दाखविण्यासाठीं दोघींनींहि एकच युक्ति योजिली. म्हणून ‘टु’ जेथें येतो तेथें बहुधा दृष्टि पुढें लागलेली असते. काम अजून व्हावयाचें असतें. त्याची इच्छा, आशा, निश्चय, वचन किंवा तयारी असते.

‘इंग’चें कुळ दुसरें. या प्रत्ययानें क्रियेचें नाम होतें. मराठींत त्याचा सोबती ‘णें’ हा प्रत्यय : ‘पोहणें’, ‘वाचणें’, ‘बोलणें’. नाम झालें, म्हणजे ती क्रिया एखाद्या वस्तूसारखी समोर ठेवतां येते. ती आवडते, नकोशी होते, टाळतां येते, संपवितां येते. एवढें ध्यानांत ठेवलें, तर पाठ करावयाच्या दोन्ही याद्या पुष्कळ हलक्या होतात.

पहिल्या यादींत ‘वॉन्ट’, ‘विश’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘अॅग्री’, ‘रिफ्यूज’, ‘एक्स्पेक्ट’, ‘प्लॅन’ हीं क्रियापदें येतात. इच्छा करणें, आशा बाळगणें, ठरविणें, वचन देणें, कबूल होणें, नाकारणें हीं सर्व पुढील कामाविषयीं आहेत. ठरवितांना काम झालेलें नसतें. नाकारतांना तर तें व्हावयाचेंच नसतें. म्हणून येथें ‘टु’. दुसऱ्या यादींत ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’, ‘माइंड’, ‘डिनाय’, ‘अॅडमिट’, ‘प्रॅक्टिस’ हीं आहेत. ज्या गोष्टीचा आनंद घ्यावयाचा, जी संपवावयाची, जी केल्याचें कबूल करावयाचें किंवा नाकबूल करावयाचें, ती घडत असते किंवा घडून गेलेली असते. म्हणून येथें ‘इंग’. ‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’ या दोहोंस मराठींत ‘नाकारणें’ हा एकच शब्द पुष्कळदां वापरला जातो. परंतु ‘ही रिफ्यूज्ड टु टेक द मनी’ म्हणजे ‘त्यानें पैसे घेण्यास नकार दिला’, आणि ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ म्हणजे ‘पैसे घेतल्याचें त्यानें नाकारलें’. कोर्टांतील साक्षींत या दोन वाक्यांमधील अंतर लहान मानतां येणार नाहीं.

याच ‘घेण्यास’ आणि ‘घेतल्याचें’ या जोडींत मराठी विद्यार्थ्याची खरी कसोटी सांपडते. जीं इंग्रजी क्रियापदें दोन्ही रूपें घेतात व रूपाबरोबर अर्थ बदलतात, तीं थोडींच आहेत. पण रोजच्या व्यवहारांत सारखीं भेटतात. त्यांचा विचार सावकाश करणें इष्ट आहे.

पहिली जोडी ‘रिमेंबर’ आणि ‘फर्गेट’ यांची. ‘तो पत्र टाकायला विसरला’ आणि ‘तो पत्र टाकल्याचें विसरला’ हीं दोन मराठी वाक्यें घ्यावीं. पहिल्यांत पत्र खिशांतच आहे. दुसऱ्यांत तें पेटींत पडलें आहे, फक्त आठवण गेली आहे. बेलापूरच्या आजीबाईंनाहि हा भेद व्याकरण न शिकतां कळतो. इंग्रजींत पहिलें वाक्य ‘ही फर्गॉट टु पोस्ट द लेटर’ आणि दुसरें ‘ही फर्गॉट पोस्टिंग द लेटर’. तसेंच ‘दार लावायची आठवण ठेव’ येथें ‘रिमेंबर टु शट द डोअर’, आणि ‘दार लावल्याचें मला आठवतें’ येथें ‘आय रिमेंबर शटिंग द डोअर’. ‘प्रवरेला आलेला पूर पाहिल्याचें मी कधीं विसरणार नाहीं’ या वाक्यांतहि ‘पाहिल्याचें’ असल्यामुळें ‘सीइंग’च हवें. सूत्र सोपें आहे : मराठींत ‘ल्याचें’ आलें, कीं इंग्रजींत ‘इंग’, ‘आयला’ किंवा ‘आयची’ आलें, कीं ‘टु’.

दुसरें क्रियापद ‘रिग्रेट’. कचेरीच्या पत्रांत ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ असा मायना येतो. मराठींत त्याला ‘आपणांस कळविण्यास खेद वाटतो’ असें म्हणतात. कळविण्याचें काम याच ओळींत, आतां व्हावयाचें आहे. त्याच्या जागीं कोणीं ‘वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ असें लिहिलें, तर ‘आपणांस कळविल्याचा आम्हांला पश्चात्ताप होत आहे’ असा अर्थ होईल, आणि पत्र घेणारा गृहस्थ रागावल्यास त्याचा दोष नव्हे! येथेंहि ‘कळविण्यास’ आणि ‘कळविल्याचा’ हींच दोन मराठी रूपें वाट दाखवितात.

तिसरें ‘ट्राय’. याची मराठींतील फोड फार सुंदर आहे. वैद्यानें गुळवेलीचा काढा सांगितला. ‘त्यानें काढा घेण्याचा प्रयत्न केला’ म्हणजे काढा कडू होता, घशाखालीं उतरेना. ‘त्यानें काढा घेऊन पाहिला’ म्हणजे काढा पोटांत गेला. त्यानें ताप उतरतो कीं काय, तेवढें पाहावयाचें होतें. पहिल्या ठिकाणीं ‘ही ट्राइड टु टेक इट’, दुसऱ्या ठिकाणीं ‘ही ट्राइड टेकिंग इट’. म्हणजे ‘करण्याचा प्रयत्न’ असेल तेथें ‘टु’ आणि ‘करून पाहणें’ असेल तेथें ‘इंग’. पुष्कळ इंग्रजी व्याकरणांना जो भेद समजाविण्यास अर्धें पान लागतें, तो मराठी माणूस ‘करून पाहा’ या दोन शब्दांत रोज बोलत असतो.

चौथें ‘स्टॉप’. मराठींत याला दोन क्रियापदें आहेत : सकर्मक ‘थांबविणें’ आणि अकर्मक ‘थांबणें’. ‘त्यानें बोलणें थांबविलें’ यांत ‘बोलणें’ हें कर्म, म्हणजे नाम. म्हणून ‘स्टॉप्ड टॉकिंग’. ‘तो बोलण्यासाठीं थांबला’ यांत ‘बोलण्यासाठीं’ हा हेतु. म्हणून ‘स्टॉप्ड टु टॉक’. ज्याच्या मनांत ‘थांबविणें’ आहे त्यानें ‘इंग’ घ्यावें. ज्याच्या मनांत ‘साठीं थांबणें’ आहे त्यानें ‘टु’ घ्यावा.

पांचवें ‘गो ऑन’. ‘तो बोलत राहिला’ याचें इंग्रजी ‘ही वेंट ऑन टॉकिंग’. जें चाललें होतें तेंच चालू राहिलें. ‘ऊसाविषयीं बोलून झाल्यावर तो पुढें कालव्याविषयीं बोलूं लागला’ यांतील उत्तरार्ध ‘ही वेंट ऑन टु टॉक अबाउट द कॅनाल’ असा होईल. येथें नवा विषय सुरू झाला. सहावें ‘मीन’. ‘माझें जाण्याचें मनांत होतें’ म्हणजे ‘आय मेंट टु गो’. पण ‘गाडी चुकणें म्हणजे रात्रभर स्थानकावर बसणें’ या वाक्यांत ‘म्हणजे’चें भाषांतर करतांना ‘मीन्स’ आणि पुढें ‘सिटिंग’ असें येईल. मनांतील बेत असेल तेथें ‘टु’, ओघानें येणारा परिणाम असेल तेथें ‘इंग’.

‘नीड’ या क्रियापदाचा प्रकार थोडा निराळा आहे. ‘वुई नीड टु रिपेअर द रूफ’ म्हणजे ‘आम्हांला छप्पर दुरुस्त करायला हवें’. येथें कर्ता माणसें. ‘द रूफ नीड्स रिपेअरिंग’ म्हणजे ‘छप्पर दुरुस्त व्हायला हवें’. येथें कर्ता छप्पर. मराठी ‘करायला’ व ‘व्हायला’ असा भेद करते. इंग्रजी ‘टु’ व ‘इंग’ असा करते.

कांहीं क्रियापदें मात्र दोन्ही रूपें घेऊनहि अर्थ फारसा बदलीत नाहींत. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ हीं त्यांपैकीं. ‘पाऊस पडूं लागला’ याला ‘इट बिगॅन टु रेन’ म्हणा, नाहीं तर ‘इट बिगॅन रेनिंग’ म्हणा. भिजावयाचें तें भिजावेंच लागतें. मात्र ‘बिगिनिंग’च्या पुढें लगेच दुसरें ‘इंग’ कानास बरें लागत नाहीं. तेथें ‘टु’ घेतात. ‘लाइक’ हेंहि दोन्ही बाजूंचें. त्यांतल्या त्यांत, पोहण्यांत गोडी आहे असें सांगावयाचें असल्यास ‘आय लाइक स्विमिंग’, आणि पहाटे उठणें हितकर म्हणून पसंत आहे असें सांगावयाचें असल्यास ‘आय लाइक टु गेट अप अर्ली’ असा सूक्ष्म भेद पुष्कळ इंग्रज लेखक पाळतात. पण ‘वुड लाइक’ आलें, कीं पुढें ‘टु’च. मराठींत ‘आवडतें’ याचें ‘आवडेल’ झालें, म्हणजे दृष्टि पुढें गेली, एवढी खूण पुरे.

या दोन रूपांखेरीज एक तिसरेंहि रूप आहे, आणि त्यास ना ‘टु’ ना ‘इंग’. ‘ही लेट मी गो’ या वाक्यांत ‘गो’ हा धातु उघडाच उभा आहे. मराठींत त्याचें ‘त्यानें मला जाऊं दिलें’ असें होतें. ‘आय कॅन रीड’ म्हणजे ‘मी वाचूं शकतों’. ‘देणें’ आणि ‘शकणें’ यांच्यापूर्वीं मराठी ‘जायला’ म्हणत नाहीं, ‘जाऊं’ म्हणते. तिकडे इंग्रजीहि ‘टु’ गाळते. परंतु ‘मेक’पाशीं सावध राहावें. ‘त्यानें मला काम करायला लावलें’ यांत ‘करायला’ आहे, म्हणून विद्यार्थी ‘मेड मी टु वर्क’ असें लिहितो. इंग्रजी मात्र ‘मेड मी वर्क’ असेंच म्हणते. गंमत अशी, कीं तेंच वाक्य कर्मणि झालें, म्हणजे गाळलेला ‘टु’ परत येतो : ‘आय वॉज मेड टु वर्क.’

यापुढची खांच ‘टु’च्या दुहेरी नांवाची. दौंड-मनमाड लोहमार्गावर श्रीरामपूर येथें जें स्थानक बांधलें गेलें, त्यास बेलापूर हें नांव मिळालें. बेलापूर गांव मात्र तेथून कांहीं अंतरावर, नदीकांठीं. शिवाय नव्या मुंबईंतहि एक बेलापूर आहेच. नांव ऐकून कोणतें बेलापूर हें ठरत नाहीं. पुढें-मागें काय आहे तें पाहावें लागतें. ‘टु’चें तसेंच आहे. ‘आय होप टु सी यू’ यांतील ‘टु’ क्रियापदाच्या रूपाचा भाग आहे. ‘आय लुक फॉरवर्ड टु सीइंग यू’ यांतील ‘टु’ मात्र साधें शब्दयोगी अव्यय आहे. त्याचा संबंध ‘लुक फॉरवर्ड’शीं. हा ‘टु’ कोणता, हें ओळखण्याची परीक्षा सोपी आहे : त्याच्या पुढें एखादें साधें नाम घालून पाहावें. ‘आय लुक फॉरवर्ड टु युअर लेटर’ हें चालतें. म्हणून तेथें क्रियापदासहि नामाचा वेष घेऊन, म्हणजे ‘इंग’ लावून, यावें लागतें. ‘आय होप टु युअर लेटर’ चालत नाहीं. म्हणून तेथें ‘सी’ उघडें राहतें. ‘आय अॅम यूज्ड टु वॉकिंग’, म्हणजे ‘मला चालण्याची संवय आहे’, हेंहि पहिल्याच जातीचें. परंतु ‘आय यूज्ड टु वॉक’, म्हणजे ‘मी पूर्वीं चालत असें’, हें दुसऱ्या जातीचें. एका ‘अॅम’नें अर्थ आणि रूप दोन्ही पालटलीं.

हाच नियम सर्व शब्दयोगी अव्ययांस लागू आहे. ‘विदाउट’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘बाय’, ‘इन’, ‘ऑफ’ यांच्या मागून क्रियापद आलें, तर तें ‘इंग’ घेऊनच येईल. मराठीहि शब्दयोगी अव्यय जोडतांना क्रियेचें आधीं नामासारखें रूप करते : ‘जेवण्यापूर्वीं’, ‘जेवल्यानंतर’. नुसतें ‘जेवनंतर’ असें कोणी म्हणत नाहीं. मग ‘आफ्टर ईट’ असें तरी कां म्हणावें?

येथवरच्या विवेचनावरून मराठी हीच इंग्रजीची गुरुकिल्ली आहे असें कोणीं समजूं नये. कांहीं कुलपांना ही किल्ली लागत नाहीं, आणि तीं कुलपें अगोदर ओळखून ठेवणें अगत्याचें आहे. पहिलें कुलूप ‘एन्जॉय’. ‘मला पोहायला मजा वाटते’ यांत ‘पोहायला’ आहे. तरीहि इंग्रजींत ‘एन्जॉय स्विमिंग’ असेंच हवें. दुसरें ‘अव्हॉइड’. ‘त्यानें भेटायचें टाळलें’ यांत ‘आयचें’ आहे. इंग्रजींत मात्र ‘अव्हॉइडेड मीटिंग’. येथें ‘भेटणें टाळलें’ असें नामरूप मनांत करून घेतलें, तर वाट सुधारते. तिसरें, आणि सर्वांत फसवें, ‘सजेस्ट’. ‘त्यानें मला पुण्यास जायला सुचविलें’ हें मराठी वाक्य निर्दोष आहे. पण त्यावरून केलेलें ‘ही सजेस्टेड मी टु गो’ हें इंग्रजी सदोष होय. ‘ही सजेस्टेड दॅट आय शुड गो’ असें लिहावें, किंवा सर्वांनीं मिळून जाण्याची सूचना असल्यास ‘ही सजेस्टेड गोइंग’ एवढेंच पुरतें. चौथें ‘कन्सिडर’. ‘तो शेत विकण्याचा विचार करीत आहे’ यांत विक्री पुढेंच व्हावयाची आहे. तरीहि ‘कन्सिडरिंग सेलिंग’ असेंच म्हणावें लागतें. पुढें पाहणाऱ्या क्रियेस ‘टु’ हा नियम येथें मोडतो. भाषा ही आखणी करून बांधलेली पेठ नव्हे; ती वाढत गेलेल्या गांवासारखी असते. कांहीं गल्ल्या सरळ असतात, कांहीं वळतात, आणि एखादी एखाद्याच्या अंगणांतूनहि जाते.

मोठमोठ्या व्याकरणकारांनीं हा विवेक कधीं सोडला नाहीं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें इंग्रजी व्याकरणाचा धडा समोर असतांना. आणि मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं आलें, तें इंग्रजी व संस्कृत या दोहोंच्या चौकटींतून मराठीस सोडवूं पाहणारें. परभाषेच्या आरशांत स्वभाषा पाहावी, पण आरशांतील प्रतिबिंबालाच चेहरा समजूं नये, हा धडा दोन्ही दिशांनीं खरा आहे. मराठी रूपावरून इंग्रजी रूपाचा अंदाज बांधावा. मात्र निकाल इंग्रजी वापरावर सोंपवावा.

मग विद्यार्थ्यानें प्रत्यक्ष काय करावें? एकतर, क्रियापद एकटें शिकूं नये. ‘डिसाइड’ म्हणजे ‘ठरविणें’ असें वहींत न लिहितां ‘डिसाइड टु गो : जायचें ठरविणें’ असें लिहावें, आणि ‘फिनिश’च्या जागीं ‘फिनिश रीडिंग : वाचून संपविणें’ असें लिहावें. ज्याची त्याची सोबत आरंभापासून जडली, म्हणजे पुढें यादी पाठ करण्याचा त्रास उरत नाहीं. दुसरें, अर्थ बदलणाऱ्या सात क्रियापदांपुढें, म्हणजे ‘रिमेंबर’, ‘फर्गेट’, ‘रिग्रेट’, ‘ट्राय’, ‘स्टॉप’, ‘गो ऑन’ व ‘मीन’ यांच्यापुढें, लेखणी क्षणभर थांबवावी व मराठी वाक्य मनांत स्पष्ट उच्चारावें. ‘टाकायला’ कीं ‘टाकल्याचें’? ‘घेण्याचा प्रयत्न’ कीं ‘घेऊन पाहिला’? ‘थांबला’ कीं ‘थांबविलें’? उत्तर बहुतेक तेथेंच मिळेल. तिसरें, ‘टु’ दिसला कीं त्यापुढें नाम घालून पाहावें. आणि चौथें, ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’ या चार कुलपांच्या किल्ल्या निराळ्या जुडग्यांत बांधून ठेवाव्या.

खेड्यांतील पुष्कळ मुलांच्या मनांत अशी एक भीति असते, कीं घरीं मराठी बोलणाऱ्यास इंग्रजी चांगलें यावयाचें नाहीं. आपली भाषा हीच आपली अडचण. या एका लहानशा प्रश्नापुरतें तरी खरें तें याच्या उलट आहे. झालेलें आणि व्हावयाचें, प्रयत्न आणि प्रयोग, हेतु आणि कर्म हे सर्व भेद त्या मुलास आईच्या बोलण्यांतून अगोदरच मिळालेले असतात. इंग्रजी ते भेद दुसऱ्या दोन खुणांनीं दाखविते, इतकेंच. ज्याला आपलें मराठी वाक्य नेमकें बोलतां येतें, त्याचें इंग्रजीचें निम्में काम झालेलें असतें. आणि ज्यानें मराठीची हेळसांड केली, त्याला ‘टु’ आणि ‘इंग’ यांच्या याद्या कितीहि पाठ असल्या, तरी ऐन वेळीं कोणती काढावी हें सुचणार नाहीं.